आठवड्यातून किती वेळा

मोराग विचारते, आठवड्यातून किती वेळा करतेस?
आणि दात घासण्याबद्दल सांगावं तशी मी सांगते, सहा.
शनिवारी सुट्टी.
म्हणजे, शनिवारी थोडंच.

ती काही बोलत नाही.
डंडीतल्या या जुन्या तागाच्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
खिडक्या इतक्या उंच की नुसतं आभाळ दिसतं,
आणि फळ्यांच्या भेगांत अजून एखादा धागा अडकलेला,
बंगालातून बोटीनं आलेला, माझ्याही आधी.
अधोमुख श्वानात तो बरोबर नाकासमोर येतो.

वय सत्तेचाळीस. दिवसभर पर्थ रोडवरच्या औषधांच्या दुकानात उभी.
लोकांना बजावते: दिवसातून दोनदा, जेवणानंतर,
त्याहून जास्त नको, मिसेस गिलेस्पी, बरं वाटलं तरी.
आणि स्वतः पहाटे साडेपाचला
बारा सूर्यनमस्कार, मग अठरा, मग चोवीस,
जिथं डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो
तेही मनात आलं तर.

फेब्रुवारीत तो आवाज आला.
आवाज म्हणजे, पायजम्याची नाडी ओढताना
आत कुठंतरी एक टाका उसवतो ना, तेवढाच.
पश्चिमोत्तानासन. कपाळ नडगीला टेकलं होतं
आणि मी खूश होते, हे विशेष.
दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं.
तिसऱ्या दिवशीही. म्हटलं, मोकळं होईल.

मग सहा आठवडे बसमध्ये एका कुल्ल्यावर बसले,
शेजारच्याला वाटावं, ही बाई खिडकीकडे कलून
कुणाची तरी वाट बघतेय.

फिजिओ स्ट्रुअन, माझ्या मुलाच्या वयाचा,
त्यानं कागदावर स्नायू काढला, मुळ्यासारखा दिसत होता,
आणि टोकाशी पेन्सिल टेकवून म्हणाला, इथं.
म्हणाला, तुम्ही करता तेव्हा हा नुसता झिजतो,
भरून येतो तो नंतर, तुम्ही काहीच करत नसता तेव्हा.
आणि कंडरा तर त्याच्याहून सावकाश.
(कंडरा. हा शब्द मी नववीच्या शास्त्राच्या वहीत सोडून आले होते.)
मग किती वेळा?
तीनदा. मधे एकेक दिवस रिकामा.
आणि ताणणं आणि दुखणं यातला फरक, तो तर तुम्हाला कळतच असेल.

नव्हता कळत.
आमच्या घरी दुखणं ही काम झाल्याची पावती.
अति तिथं माती, हेही आमच्याच घरी म्हणायचे,
पण ते बासुंदीच्या वेळी.

मोरागनं तीस वर्षं टपाल वाटलं, टेकडीवरच्या सगळ्या जिन्यांनी.
दोन्ही खांदे शिवून घेतलेले. सासष्टाव्या वर्षी
ती चतुरंगात गुडघे टेकवते, बिनदिक्कत, सगळ्यांसमोर.
पौर्णिमा-अमावास्येला वर्ग बंद ठेवते.
एकोणीस वर्षांत माझ्या तिथ्या कुठल्या कुठं सांडल्या,
आणि ही बाई जिन्यावर ओरडून सांगते,
उल्का, उद्या अमावास्या, यायचं नाही!

दुकानातल्या मशीनवर मी एक लेबल छापलं, स्वतःच्या नावाचं:
सोम, बुध, शुक्र. एकदा. बरं वाटलं तरी वाढवू नये.
फ्रिजला चिकटवलं. त्याचा एक कोपरा आत्ताच सुटलाय.

आज मंगळवार. मे महिना.
साडेपाचला जाग आली ती आलीच.
चटई कपाटामागं उभी, गुंडाळलेली,
मी तिच्याकडे न बघता पुढं गेले.
खिडकीतून टे नदी ओसरलेली,
वाळूच्या पट्टीवर सील पडलेत सात-आठ,
शवासन त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

चहा ठेवला. उकळेपर्यंत
ओट्याशी उभ्या उभ्या माझे हात आपोआप वर गेले,
कानांना लागले,
आणि मी ते खाली घेतले,
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे, हळू.
या भानगडीत साखर दोनदा पडली.