गाडी रात्री कुठे झोपते

दुकानाच्या काचेवर लिहिलंय: स्वस्त कार विमा.
त्यातलं पहिलं अक्षर गेल्या हिवाळ्यात गळून पडलं.
लोक तरीही बरोबर वाचतात.
अडलेल्याला अर्धी पाटी पुरते.

सेव्हन माइल रोडवर, डोनटवाल्याच्या आणि एका
कायमच्या कुलपाच्या मधोमध मी बसते,
जन्मतारखा विचारते.
मशीन थोडा विचार करतं,
मग आकडा येतो,
आणि माणसं त्याच्याकडे
एक्स-रेकडे बघावं तसं बघतात.

जमारियन, वय एकोणीस, पिझ्झा पोचवतो.
गाडी अठराशे डॉलरची, दार दोरीनं बांधलेलं.
विमा गाडीच्या दुपटीहून जास्त.
"पण मी कुणाला धडकलोच नाही," तो म्हणाला.
मी पडदा त्याच्याकडे वळवला.
त्यावर लिहिलेलं नव्हतं, तरी दोघांनी वाचलं:
अजून.

सबीहाबाई हॅमट्रॅम्कहून दोन बस बदलून आल्या.
नवऱ्याची पाठ कारखान्यात गेली
म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलेलं.
अनुभव किती वर्षांचा? मी विचारलं.
"बावीस," त्या म्हणाल्या,
"बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून
ब्रेक मीच दाबत आलेय."
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
रकान्यात शून्य भरलं.
मग तीन कंपन्या पालथ्या घातल्या,
चौथीत अकरा डॉलर कमी निघाले महिन्याला.
त्यांनी ते अकरा कागदावर
दोनदा लिहून घेतले.

आणि कॉर्लिस.
कॉर्लिसनं पत्ता दिला एट माइलच्या पलीकडचा,
मावशीचा.
रस्ता तोच, खड्डे तेच, बर्फही दोन्हीकडे सारखंच पडतं,
फक्त पलीकडे आकडा निम्मा होतो.
त्याच्या खिशातून विजेचं बिल डोकावत होतं,
आमच्याच गल्लीचं.
मी विचारलं, गाडी रात्री कुठे झोपते?
त्यानं छताकडे पाहिलं.
छताला उत्तर माहीत नव्हतं.

खरं म्हणजे हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते
आणि लोकांना वाटतं, बाई खवट आहे.
मीही एकदा लिहिला होता बहिणीचा पत्ता.
वर्षभर पैसे वाचले, मुलाला बूट घेतले.
गाडी पेटली ती मात्र माझ्या दारात,
आणि कंपनीचा माणूस आला तेव्हा
राख होती
ज्या घरी ती कधी राहतच नव्हती, त्या घरापुढे.
एक पैसा मिळाला नाही.
कॉर्लिसला यातलं काही सांगितलं नाही.
म्हटलं, हप्ते पाडून देते,
खरा पत्ता लिही.
तो विचार करून येतो म्हणाला.
अजून विचार करतोय.

संध्याकाळी ओथा गेन्स आले, वय चौऱ्याऐंशी,
टोपी हातात.
"सगळ्यात स्वस्त काय आहे?"
वर्षाला किती मैल चालवता?
"चालवायची नाही. नुसती असू दे.
पुढच्या सीटवर अर्नेस्टीनचा स्कार्फ आहे,
गॅरेजात उंदीर, आग, चोर,
एवढ्यापुरतं बघ."
मी मैलांच्या रकान्यात शून्य टाकलं.
मशीननं या वेळी विचार केलाच नाही.
एवढा लहान आकडा मी कधी पाहिला नव्हता.
"साठ वर्षांत एक दंड नाही, एक ओरखडा नाही,"
ते म्हणाले, "आणि स्वस्त झालो
तो आज."

बाहेर बर्फ, बस पंचवीस मिनिटं उशिरा.
दिवा मालवून मी म्हटलं, चला, सोडते.
माझी गाडी जुनी, हीटर एकाच बाजूला चालतो,
ती बाजू त्यांना दिली.
पहिल्या सिग्नलला मी जरा उशिरा थांबले.
त्यांच्या बुटाखाली चटई चुरचुरली.
उजवा पाय घट्ट रोवला होता त्यांनी
जिथे ब्रेक नव्हता.