तृतीया

स, ला, ते. ने, ए, शी.
तीस वर्षं वेंगुर्ल्याच्या शाळेत हे घोकून घेतलं.
कुणाला वाटलं होतं, माझेच दोन भाऊ
एका प्रत्ययावरून
उभादांड्याच्या वाळूत एकमेकांचं तोंड बघायचं सोडतील?

इनास म्हणतो, पुत्राने केलं.
समुद्र, सुंगटं, सुरूची झाडं, सगळं.
कायतान म्हणतो, पुत्राकडून करवून घेतलं.
केलं बापाने. पुत्र पहिला घडलेला,
बाकीचं मग त्याच्या हाती दिलं.
बहरीनहून परतताना कायतानने आणलं ते एवढंच:
मिक्सर, दोन ब्लँकेटं आणि हा प्रत्यय.
आता रविवारी इगर्जीत त्याची जागा
छत्र्या ठेवायला वापरतात.

दोघांच्या मधे होडी. अर्धी.
नाळ उभी, बरगड्या उघड्या,
झावळ्यांच्या मांडवाखाली काजूतेलाचा वास.
लाकूड पप्पांनी निवडलेलं,
मुळातच वाक असलेली उंडी.
आडवी केली त्या दिवशी बुंध्यावर थाप मारून
त्यांनी होडीचं नाव सांगितलं होतं.
फळी नव्हती. खिळा नव्हता.
नाव होतं, नाव नव्हती.
एवढ्याशा फटीत पप्पा दहा पावसाळे राहिले
आणि गेले.

"ही होडी कोण करतोय?" मी कायतानला विचारलं.
"इनास."
"आणि तू?"
"मी फळी धरतंय."
"आणि पप्पा?"
तो रंध्यातली साल काढत बसला.
इनासला वाटलं, आपण जिंकलो.
त्याला म्हटलं, थांब.
सात वर्षांचा होतास, सुताचं टोक धरायचास,
तेही सुटायचं,
तरी पप्पा म्हणायचे, आपण करूया.

मी व्याकरणाची बाई, देवाची नव्हे.
पाद्रीबाब सांगतात, त्यांच्या लॅटिनात
'आम्ही' आणि 'आपण' एकच.
आपल्याकडे नाही.
'आम्ही' एकटाही म्हणतो, शिक्का हाती असलेला मामलेदार.
'आपण' म्हणायला समोर कुणीतरी लागतं.
माणूस करायचं ठरलं तेव्हा समोर कोण होतं?
काळोख, पाणी.
पाण्याला कुणी 'आपण' म्हणत नाही.
(पप्पा म्हणायचे. लाकडालाही.)

"आयकणारो आधी जल्माक येवक व्हयो मां?" कायतान म्हणाला.
मी गप्प. हे माझ्या धड्यात नव्हतं.
मग फळीआडून इनास, खिळा दातांत धरून:
"पोरग्याशिवाय बापूस खंयचो?
तवसर नुसतो माणूस."
बराच वेळ फक्त हातोडी बोलत होती.

बंदर खात्याचा अर्ज मी भरला.
रकाना बोटभर: बांधणाऱ्याचे नाव.
कायतान म्हणाला, माझं नको.
इनास म्हणाला, पप्पांचं आधी.
मी अक्षरं आखडून तिघांची लिहिली,
शेवटचं समासात गेलं.

सोमवारच्या भरतीला होडी लोटली.
पाद्रीबाब पाणी शिंपडत होते तेव्हा
कायतान पाठ करून माडाखाली उभा,
बिडी ओढत.
पण होडी वाळूत अडली,
आणि नाळेखाली पहिला खांदा कुणाचा गेला
ते सगळ्या वाड्याने पाहिलं.
इनास पलीकडून. मधे पोरं, बायका,
मी सुद्धा, साडी गुडघ्यापर्यंत खोचून.
कुणी लोटली, कुणाकडून लोटली गेली,
तेव्हा कुणी विचारलं नाही.
रात्री दोघं पुन्हा दोन वेगळ्या पडव्यांत जेवले.

बुधवारी अर्ज परत आला.
तांबड्या शाईत शेरा:
एकच नाव लिहावे.
मी तो तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय.