एक दात मागं

शिरूर ताजबंदच्या अलीकडं गाडी गप झाली.
धूर नाही, खडखड नाही;
बोलता बोलता माणूस उठून आत निघून जावं, तशी.
जुनीच घेतलेली. हप्ते फिटून महिना झाला नव्हता.
ट्रॅक्टरला दोर बांधून
अहमदपूरला, गिरणीच्या दारात आणली.

गॅरेजवाला म्हणाला, इंजिन उतरवावं लागतंय.
ख्वाजाभाई म्हणाले, टायमिंगचा पट्टा तुटलाय.
डेपोत एकतीस वर्षं फिटर होते ते.
आता उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
डॉक्टरची वाकायला मनाई.
बाजेवर बसले आणि म्हणाले,
"हात तुझे, महानंदा. डोळेबी तुझेच."

पट्ट्याचं मला काय कौतुक?
सतरा वर्षं गिरणीचा पट्टा मीच चढवते.
पण त्याला दात नसतात.
तो घसरला तर पीठ जाड येतं, एवढंच.
ह्याचा एक दात चुकला
तर आत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात.
"भिडले असतील?"
"असतील. नसतीलबी. खोल."

झाकणाखाली काळ्या शेवया निघाल्या.
नवा पट्टा लातूरहून यष्टीनं आला,
कंडक्टरच्या पायाशी, लिंबांच्या पिशवीवर बसून.
वरच्या चाकाची खूण खाचेशी,
खालच्या चाकाची बाणाशी.
ताण किती? अंगठ्यानं दाबून सांगितलं;
ते म्हणाले, "कणीक मळून झाल्यावर दाबतीस, तितका."
कणकेचं ह्यांना काय ठाऊक, असं मनात आलं. पण बरोबर होतं.

"आता चावी नको. पान्यानं दोन फेरे."

दीड फेऱ्याला अडलं.

"चाक अडलं, का तुझा हात?"

मी पाना तसाच धरून
जरा वेळ उभी राहिले.
हातच होता.

दोन फेरे झाले, वरची खूण एक दात मागं.
सैल केलं. पुन्हा. मग लाइट गेली,
मन्मथनं मोबाइल धरला, त्याचा अर्धा उजेड माझ्या डोळ्यात.
तिसऱ्यांदा खूण खाचेत बसली.

गाडी सुरू झाली तेव्हा ख्वाजाभाई काहीच बोलले नाहीत.
बाजेच्या गातावर बोट वाजवत राहिले,
इंजिनाच्या ठेक्यात, बराच वेळ,
पुढं इंजिन बंद केल्यावरही.

सकाळी फातमाबीच्या ज्वारीच्या डब्यावर
माझा काळा अंगठा उमटला.
घासून बघितला.
ती म्हणाली, राहू दे, डबा ओळखू येईल.