अडतीस मिनिटं

दोन वर्षं वाट पाहून पोट्टे आले,
मे महिन्याच्या दुपारी, तोंडाला दुपट्टे बांधून,
सक्करदऱ्यातल्या माझ्या दुकानात:
तीन टीव्ही, एक कूलर, ताशी चाळीस रुपये,
'उधारी बंद' ही पाटी
आणि पाटीच्या मागं खडूनं लिहिलेली उधारी.

गेम तुम्हाला माहीत नसेल.
मातीचं एक मडकं, त्याला दोन काटकुळे पाय,
ते फळीवरून फळीवर उड्या मारतं.
चुकलं की खळ्ळकन फुटतं.
या खोलीत इतकी मडकी फुटली
की शेजारच्या शिंप्यानं एकदा विचारलं,
रोज कोणाचं भांडण चालू असतं?

आता त्याचा नवीन तुकडा आला होता. लहानसा.
वर्गणी काढून घेतलेला.
या तुकड्यात मडक्यात पाणी आहे.
उडी मारली की सांडतं.

अडतीस मिनिटांत संपला.

"संपला? अबे, कूलरचं पाणी नाही संपलं अजून!"
उत्कर्ष ढोमणे खुर्चीवर उभाच राहिला.
"उड्यांच्या गेममधे उडी मारू नका म्हणते.
उद्या पोहण्याच्या गेममधे कोरडं राहाले सांगन."

झीशान बोलला नाही.
त्याचं शेवटी घोटभरही उरलं नव्हतं
आणि उत्कर्षचं जवळजवळ काठोकाठ,
तरी दोघांना शेवट एकच:
कोरडी विहीर, मडकं काठावर टेकतं, पडदा काळा.
ना गुण, ना शाबासकी.
"मंग मी कायले जपलं बे?" हे उत्कर्षचं.
सांडलेल्याचं काही म्हणणं नव्हतं.

प्रज्ञाली गजभिये म्हणाली, वारा ऐकला का कोणी?
पहिल्या गेममधे वारा नव्हता.
कोणीच ऐकला नव्हता. कूलर चालू होता.

मग हिशेब.
"भाऊ, तासाचे घेतले, बावीस मिनिटं वापस द्या."
मी म्हटलं, मिनिटं वापस देता आली असती
तर हे दुकान टाकलं असतं का मी?

तेवढ्यात देवाजी उईके आला,
खांद्यावर वीस लिटरचा जार,
शर्ट एका बाजूनं कायमचा ओला.
जार उतरवला आणि टीव्हीकडं बघत राहिला.
"यात पानी नेतेत का?"
प्रज्ञालीनं रिमोट त्याच्या हातात दिला.
"खेळा काका. आमची बावीस मिनिटं उरली आहेत."

मला वाटलं, हा चालून दाखवेल.
चौथ्या माळ्यावर पाणी नेणारा माणूस, थेंब न सांडता.
कसलं काय. पहिल्याच फटीत खळ्ळ.
मग पुन्हा. अकरा वेळा मी मोजलं, पुढं सोडून दिलं.
"हळू, काका, अंगठा उचला, उचला!"
ओरडत होता तो उत्कर्ष,
घटकेपूर्वी ज्याचे पैसे बुडाले होते.
दरवेळी फुटलं की देवाजी च्च करायचा
आणि मागं वळून बघायचा,
जार जागेवर आहे ना.

फोन वाजला. कोणाच्या तरी घरी पाणी संपलं होतं.
उठताना म्हणाला,
"लय मोठा गेम आहे बाप्पा हा.
उरलेला उद्या."
कोणी हसलं नाही.
किंवा हसले असतील, मला ऐकू आलं नाही.

रात्री शटर अर्धं ओढल्यावर पाहिलं,
त्याचा खेळ तसाच राहिला होता,
पहिल्या फटीच्या अलीकडं,
मडकं काठोकाठ, पाय किंचित वाकलेले.
मी कूलर बंद केला.
वारा होता खरंच.