तिसरं वळण

कुशावतीच्या काठी, जांभ्याच्या कातळावर
आई सोलं वाळत घालायची.
बैलाच्या पोटावर सोलं, वशिंडापाशी मिरच्या.
बैल कुणीतरी कोरलाय, हे ठाऊक होतंच,
जसं घरात जातं असतं, तसा तो तिथं होता.

पलीकडे दगडात गोल गोल खोबण.
तिच्यात आम्ही गोट्या सोडायचो.
सोयरूची नेमकी मधोमध जाऊन थांबायची,
माझी तिसऱ्या वळणाला अडायची, शेवाळात.
ह्यापुढं त्या खोबणीला
आम्ही काही विचारलं नाही.

मग ब्रश घेऊन माणसं आली.
आईला म्हणाली, बाई, हे उचला.
तिनं उचललं.
बैलाच्या पाठीवर राहिलेला लालसर डाग
त्यांनी दोन दिवस घासला.

परवा मडगावहून गेलो तर
दोरीपाशी सोयरूचा थोरला, गळ्यात शिट्टी.
"काका, चपला हंय काडात."
ओळखलं नाही त्यानं.
पाहुण्यांना सांगत होता, किती हजार वर्षं.
आकडा नदीच्या आवाजात गेला.
परत विचारायची लाज वाटली,
इथलाच ना मी.

वाकून तिसरं वळण पाहिलं.
लख्ख. शेवाळ नव्हतंच.
आज गोटी
सरळ आत गेली असती.