काटा

तेमा बंदरामागच्या गल्लीत माझी टपरी.
निळा पत्रा, एक लॅपटॉप,
दोन खुर्च्या, त्यातली एक बरी.
बाप इथंच, पोस्टाबाहेर, लोकांची पत्रं लिहायचा :
सविनय विनंती, आपला आज्ञाधारक.
मी लोकांची प्रोफाइलं लिहितो.
आज्ञाधारक आता कुणीच उरलं नाही,
जो तो ध्येयवेडा.

गोदामाच्या वॉचमनला मी सुरक्षा सल्लागार केलं,
क्रेनवरच्या सेलोर्मला भार-व्यवस्थापन तज्ज्ञ.
एका शिंप्यानं पैसे बुडवले,
तो शिंपीच राहिला.

मंगळवारी नाआ देदेई आली.
तिच्याआधी तिचा धूर आत आला
आणि बऱ्या खुर्चीवर बसला.
लेक हाम्बुर्गला. तिनं फोनवर सांगितलं होतं,
आई, घाऊक घेणारे हल्ली आधी तिथं बघतात,
मग भाव विचारतात.

अनुभव?
"सव्वीस वर्षं भट्टीपुढं.
त्याआधी आईच्या पाठीवर, त्याच भट्टीपुढं."
कौशल्यं?
"कुठलं लाकूड कडू धूर देतं ते सांगते.
जाळीवरचा मासा कधी पालटायचा ते ऐकून कळतं."
अजून?
"काटा मारत नाही."

माझी बोटं थांबली.
असा रकाना नाही, म्हटलं.
"मग पाड."

मी पाडला नाही. मी लिहिलं :
सीफूड क्षेत्रातील दूरदर्शी उद्योजिका,
सचोटी, नेतृत्व, शाश्वत मूल्यसाखळी.
फोटोतली भट्टी कापली,
चेहरा गोल चौकटीत बसवला,
डोळ्यांची लाली जरा पुसली.
मग मोठ्यानं वाचून दाखवलं.
सांगून आलेल्या स्थळाची माहिती ऐकावी
तसं तिनं ऐकून घेतलं, मान तिरकी करून.

"ही बाई कोण?
हिला मी उधारीवर एक टोपली देणार नाही."

मी हसलो. ती नाही हसली.
तेवढ्यात पंखा थांबला.
लॅपटॉपची बॅटरी नाताळापासून मेलेली.
"गेली?"
लाइट गेली.
"आणि ती बाई?"
तीही गेली.
"बरं झालं."

तापल्या पत्र्याखाली आम्ही लाइटची वाट बघत बसलो.
तेव्हा तिनं सांगितलं, न विचारता,
की बहिणीनं एकदा पारड्याखाली शिसं चिकटवलं होतं.
हिला कळलं तेव्हा
गिऱ्हाईक बसमध्ये चढलेलं, कुमासीची बाई, पिवळा रुमाल.
ही पळाली. भरली टोपली हातात.
बस फाटकाबाहेर पडली
आणि धूळ तेवढी हिच्या वाट्याला आली.

"अकरा मासे.
ते अजून माझ्याकडे आहेत."

किती वर्षं झाली?
"धाकटा तेव्हा रांगत होता. आता त्याला मिशी आहे."
मग माझ्या बंद पडद्याकडे बोट करून म्हणाली,
"तुझं हे जाळं केवढं? कुमासीपर्यंत पोचतं?"
पोचतं.
"नाव माहीत नसलेलं माणूस त्यात सापडतं?"

यावर मला काही सुचलं नाही,
मला, ज्याला वॉचमनसाठी सतरा विशेषणं सुचली होती.

संध्याकाळी लाइट आली.
मी दोनच ओळी लिहिल्या, ती सांगेल तशा.
नाआ देदेई लार्टे. मासे भाजते. काटा मारत नाही.
कुमासीच्या, पिवळ्या रुमालाच्या बाईचे अकरा मासे देणं आहे.
फोटोत भट्टी परत आणली.
धुरामुळं चेहरा नीट दिसत नव्हता;
तिला तो आवडला.

तिनं नोटा थुंकी लावून मोजल्या.
पन्नास सेडी.
माझा दर चाळीस आहे.
सगळ्यांना चाळीस, तिला सकाळी पन्नास सांगितला होता,
हाम्बुर्गची लेक ऐकून.

ती गेली.
दहाची नोट माझ्या मुठीत, माशाच्या वासाची.
समोर तिठ्यावर तिची ट्रोट्रो उभी आहे,
इंजिन चालू,
पोरगा दारात लोंबकळून ओरडतोय,
अजून एका माणसाची जागा आहे म्हणून.