आउट टाइम

महापे, गेट नंबर दोन. रजिस्टरला सहा रकाने.
गोऱ्याने नाव लिहिलं. मी अक्षरं लावत वाचलं
आणि अर्ध्यातच बोट थांबलं :
साहेब, ह्याच्यात सॉल्ट आहे.

तो हसला. होय म्हणाला, मीठच.
पणजोबाचा कुणी पणजोबा मीठ पिकवायचा,
नाहीतर गावोगाव विकायचा, नक्की ठाऊक नाही.
हे त्याने निम्मं तोंडाने सांगितलं,
निम्मं हवेत मीठदाणी हलवून.
त्याने स्वतः मीठ पिकताना पाहिलेलं नाही.
डॉक्टरने तर जेवणातलंही बंद केलंय.

तेवढं इंग्रजी येत असतं तर म्हणालो असतो,
पाव्हण्या, हा बेलापूर रस्ता ओलांडलास
की थेट खाडीपर्यंत आमच्या कोंड्या होत्या.
मढवी हे दाखल्यावरचं. त्याच्याही आधी आम्ही आगरी,
आगरात राबणारे.
चिखल पायांनी मळायचा, भाकरीच्या पिठासारखा,
उघाडीतून भरतीचं पाणी घ्यायचं
आणि उन्हाच्या हवाली करायचं.
आयस म्हणायची, "मीठ आपन करत नाय र बाला,
त्याचं ता येतं. आपन निसती वाट बगाची."

मग सिडको आली. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर
भावाने चार मजले चढवले. खाली दुकान,
दुकानात मिठाची पिशवी, आयोडीनवाली.
आम्ही आगरीच राहिलो.
त्याचंही तसंच झालं असणार.

संध्याकाळी नातीने मोबाइलवर शोधलं.
आजा, दुसरा पण अर्थ आहे. जुन्या काळी
तारांचं एक वाद्य होतं तिकडे,
ते वाजवणाऱ्यालाही हेच म्हणायचे म्हणे.
मग हा तुझ्यातला नसेलही.
तिला वाटलं, मी नाराज होईन.

मी माघातली पहाट आठवत होतो.
कोंडीत पाणी आटत आलेलं,
आणि आयस लांब दांड्याची फळी ओढतेय
ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत.
खर्र. थांबून पुन्हा खर्र.
दाणा जाड असला की आवाज खाली जायचा,
बारीक असला की वर.
गोठवलीत अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं
आज कुणाच्या कोंडीत काय आलंय.

आत आल्याची वेळ दहा चाळीस. कारण : मीटिंग.
तो बहुतेक मागच्या गेटने गाडीतून गेला.
शेवटचा रकाना कोराच आहे.
सुपरवायझर म्हणतो, भरून टाक काहीतरी.
टाकेन उद्या.